शाखेचे नाव आणि विषयांची यादी

बारावीचा निकाल लागला की विज्ञान शिक्षकांकडे विद्यार्थी आणि पालक यांची रीघ लागते. प्रश्न बहुधा एकच असतो : "सर, कोणती ब्रँच घेऊ?" एकेकाळी या प्रश्नाची चार-पाचच उत्तरे होती आणि ती आपल्यालाही ठाऊक होती. आता यादी लांबली आहे. मेकॅनिकल तर आहेच. शिवाय एरोस्पेस, एरोनॉटिकल, मेकॅट्रॉनिक्स, रोबोटिक्स अँड ऑटोमेशन, रोबोटिक्स अँड आर्टिफिशियल इंटेलिजन्स अशी नावे पालकांच्या हातातल्या कागदांवर असतात. ती वाचून आपणही क्षणभर गोंधळतो आणि मग "मार्कांप्रमाणे मिळेल ते घे" असे काहीतरी सांगून मोकळे होतो.

गेल्या प्रवेशाच्या हंगामात आमच्या टेबलावर अशा माहितीपत्रकांचा गठ्ठा जमला. ती कोणत्या संस्थांची हे सांगण्याचे कारण नाही, कारण नावे झाकली तर एक पत्रक दुसऱ्यापासून ओळखता येऊ नये इतकी ती सारखी आहेत. एखाद्या पुस्तकाचे परीक्षण करावे तशी आम्ही ती शांतपणे वाचली. हा लेख म्हणजे त्या वाचनाचा हिशेब.

मुखपृष्ठावर झेपावणारे रॉकेट किंवा माणसासारखा चेहरा असलेला यंत्रमानव. आत इमारतीची, ग्रंथालयाची आणि वसतिगृहाची छायाचित्रे. मग 'उद्याचे तंत्रज्ञान', 'अमर्याद संधी' अशी वाक्ये. शेवटी शुल्काचा तक्ता. चार वर्षांत विद्यार्थी कोणते विषय शिकणार, कोणत्या प्रयोगशाळेत किती तास काम करणार आणि ते त्याला कोण शिकवणार, या तीन गोष्टी मात्र बहुतेक पत्रकांत नव्हत्या. पाककृतीच्या पुस्तकात पदार्थाचे रंगीत चित्र असावे आणि जिन्नसांची यादीच नसावी, तसा हा प्रकार आहे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे : सतरा-अठरा वर्षांच्या मुलाने शाखेच्या नावावरून पदवी निवडू नये, विषयांच्या यादीवरून निवडावी, आणि ती यादी त्याच्याबरोबर बसून वाचणे हे आपले, शाळा-कनिष्ठ महाविद्यालयातल्या विज्ञान शिक्षकांचे काम आहे. त्यासाठी आधी या तीन शाखा म्हणजे नेमके काय, हे आपल्याला स्पष्ट हवे.

पाणचक्कीपाशी

छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे २०२३ पर्यंतच्या औरंगाबादच्या, शिक्षकांना हे समजावून सांगायला एक उत्तम जागा गावातच आहे. ती म्हणजे पाणचक्की. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारातली ही चक्की आपण सहलीत मुलांना दाखवतो, हौदातले मासे दाखवतो आणि परत येतो. पुढच्या वेळी तिथे थोडे थांबावे. हर्सूलच्या बाजूने जमिनीखालून खापरी नळांतून पाणी आणले, ते उंच भिंतीत चढवले, तिथून खाली सोडले आणि त्याच्या जोरावर जाते फिरवून धान्य दळले. पाणी ज्या पातळीवरून निघाले जवळपास त्या पातळीपर्यंत बंद नळातून पुन्हा चढते, हे आपण वर्गात शिकवतो. इथे ते दगडचुन्यात बांधलेले आहे.

आता मुलांना तीन प्रश्न विचारावेत.

पहिला : पडणाऱ्या पाण्याची ऊर्जा जात्यापर्यंत कशी पोहोचते? समजा, दर सेकंदाला २० लिटर पाणी ६ मीटर उंचीवरून पडते. २० किलोग्रॅम गुणिले ९.८ गुणिले ६, म्हणजे सेकंदाला सुमारे ११७६ ज्यूल. सव्वा किलोवॉटच्या आत-बाहेरची ही शक्ती. तिच्यातली काही घर्षणात जाणार, काही पाण्याच्या शिंतोड्यांत जाणार, उरलेली दळणाच्या कामी येणार. आस किती जाड हवा, तो कशाचा करायचा, झिजला तर कसा बदलायचा? ऊर्जा, बल, पदार्थ आणि घडण या चार गोष्टींचा विचार म्हणजे मेकॅनिकल अभियांत्रिकी.

दुसरा प्रश्न : चाकाच्या पात्याचा आकार कसा असावा? पाणी सपाट फळीवर आदळले तर एक परिणाम, वळणदार पात्यावरून वळून गेले तर दुसरा. वाहता द्रव किंवा वायू आणि त्यात ठेवलेला घन पदार्थ यांच्यातले बल मोजणे हा एरोस्पेस अभियांत्रिकीचा गाभा आहे. हवेची घनता दर घनमीटरला १.२ किलोग्रॅम धरली, तर ताशी ३६ किलोमीटर वेगाच्या वाऱ्याचा गतिज दाब चौरस मीटरला सुमारे ६० न्यूटन भरतो. वेग दुप्पट केला की हा दाब चौपट होतो. चिकलठाण्याच्या धावपट्टीवरून प्रवासी विमान उचलते तेव्हा त्याचा वेग ताशी २५० किलोमीटरच्या आसपास असतो. त्या वेगाला हाच दाब चौरस मीटरला २९०० न्यूटनांच्या घरात जातो. टनावारी वजनाचे विमान हवा कशी उचलून धरते, याचा अंदाज मुलांना एवढ्या गणितावरून येतो.

तिसरा प्रश्न : जात्यातले धान्य संपत आले तर काय होईल? भार कमी होऊन जाते वेगाने फिरू लागेल. हे कोणाला कळत असे? चक्कीवाल्याच्या कानाला. आवाज बदलला की तो धान्य टाकी किंवा पाणी कमी करी. त्याचा कान म्हणजे संवेदक, डोके म्हणजे नियंत्रक आणि हात म्हणजे चालक. या तिन्हींची कामे यंत्राकडे सोपवली की रोबोटिक्स सुरू होते. युरोपातल्या पवनचक्क्यांमध्ये फिरत्या गोळ्यांची एक युक्ती जात्यांसाठी वापरत. जेम्स वॅटने ती १७८८ मध्ये वाफेच्या इंजिनाला लावली. वेग वाढला की गोळे बाहेर फेकले जातात आणि वाफेची झडप थोडी मिटते. अशी इंजिने कधी कधी एका वेगावर स्थिर न राहता सारखी कमी-जास्त होत. ती तशी का वागतात, याचे गणित जेम्स क्लार्क मॅक्सवेलने १८६८ मध्ये मांडले. नियंत्रणशास्त्राचा उगम या लेखात शोधला जातो. विद्युतचुंबकीय समीकरणांमुळे आपल्याला ठाऊक असलेला हाच तो मॅक्सवेल.

एका चक्कीत तीन शाखा दिसल्या. पण चक्की एकच आहे, आणि पहिला प्रश्न सुटल्याशिवाय उरलेल्या दोहोंना हात घालता येत नाही. पत्रके वाचताना हे विसरायचे नाही.

चार वर्षांची पिशवी

अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०१८ मध्ये पदवीचा नमुना अभ्यासक्रम प्रसिद्ध केला. त्यात चार वर्षांसाठी १६० श्रेयांक ठरवले होते. श्रेयांक म्हणजे ढोबळमानाने, आठवड्याला एक तास याप्रमाणे एका सत्रात शिकवण्याचे वजन. पुढे विद्यापीठांनी यात थोडे कमी-जास्त केले असेल, पण पिशवी साधारण एवढ्याच आकाराची राहते. पिशवीत नवे काही घालायचे तर जुने काही काढावे लागते, हा साधा हिशेब कोणतेच पत्रक सांगत नाही.

पहिले वर्ष तिन्ही शाखांना बरेचसे समान असते : गणित, भौतिकी, रसायन, आलेखन, कार्यशाळा, संगणकाची एखादी भाषा. फरक दुसऱ्या वर्षापासून पडतो. मेकॅनिकलमध्ये पदार्थांची ताकद, ऊष्मागतिकी, द्रव-वायूंची यामिकी, यंत्रांची गतिकी, उत्पादनप्रक्रिया आणि यंत्रांचे आरेखन येते. एरोस्पेसमध्ये याच विषयांचे पहिले धडे घेऊन पुढे वायुगतिकी, पातळ पत्र्याच्या संरचना, जेट व रॉकेट प्रणोदन, उड्डाणाची स्थिरता येते. रोबोटिक्समध्ये यंत्रांची गतिकी राहते आणि तिच्या जोडीला विद्युत मोटारी, संवेदक, सूक्ष्मनियंत्रक, नियंत्रणशास्त्र, प्रोग्रॅमिंग आणि दृश्य ओळखण्याचे तंत्र येते. हे सगळे मावायचे तर ऊष्मागतिकी, उष्णतेचे वहन आणि उत्पादनप्रक्रिया यांना कात्री लागते. कात्री लावणे गैर नाही. ती कुठे लागली हे विद्यार्थ्याला आधी कळणे आवश्यक आहे.

आमचा एक जुना विद्यार्थी रोबोटिक्सच्या पदवीच्या तिसऱ्या वर्षात असताना आमच्याकडे आला. त्याच्या गटाने प्रकल्प म्हणून यंत्राचा हात बनवला होता. प्रोग्रॅम ठीक होता, संगणकाच्या पडद्यावर हात डौलाने हलत होता. खरा हात मात्र वजन उचलताना थरथरून खाली बसत होता. "सर, प्रोग्रॅममधली चूक सापडत नाही," तो म्हणाला.

आम्ही त्याला मापे विचारली. हाताची लांबी ४० सेंटिमीटर, टोकाला अर्ध्या किलोचे वजन. हाताचे स्वतःचे वजन ६०० ग्रॅम, त्याचा गुरुत्वमध्य खांद्यापासून सुमारे २० सेंटिमीटरवर. हात आडवा असताना खांद्याच्या सांध्यावर वजनामुळे ०.५ × ९.८ × ०.४, म्हणजे सुमारे २ न्यूटन-मीटर टॉर्क येतो. हाताच्या स्वतःच्या भारामुळे ०.६ × ९.८ × ०.२, म्हणजे आणखी सुमारे १.२. एकूण ३ च्या वर. त्याने बसवलेली मोटार '१० किलोग्रॅम-सेंटिमीटर'ची होती. म्हणजे सुमारे १ न्यूटन-मीटर. तिप्पट ओझे लहान मोटारीवर टाकले होते. प्रोग्रॅममध्ये काहीच चुकले नव्हते.

तो गप्प बसला. मग म्हणाला, "मोटार कशी निवडायची ते आम्हांला शिकवलंच नाही." त्याच्या अभ्यासक्रमात कृत्रिम बुद्धिमत्तेचे दोन विषय होते, यामिकी एका सत्रात आटोपली होती. मुलगा हुशार होता, मेहनतीही होता. वडिलांनी शेतावर कर्ज काढून शुल्क भरले होते. आपण लहानपणी तराफा-तक्त्याच्या खेळात शिकवतो तो आघूर्णाचा नियम, तोच त्याच्या प्रकल्पात आडवा आला. हा दोष त्याचा नाही, आणि शाखेच्या नावाचाही नाही. विषयांची यादी त्याला प्रवेशाआधी कोणी वाचून दाखवली नव्हती. त्याच्या ओळखीतले विज्ञान शिक्षक आम्हीच होतो. आम्हीही दाखवली नव्हती.

रोबो आणि विमाने बनवली कोणी?

नव्या नावाची शाखा घेतली तरच त्या क्षेत्रात शिरकाव होतो, हा समज पत्रके पसरवतात. इतिहास तसे सांगत नाही. यंत्रहाताच्या प्रत्येक सांध्याचे वर्णन चार आकड्यांत करण्याची पद्धत आज जगभर शिकवली जाते. ती १९५५ मध्ये डेनाविट आणि हार्टेनबर्ग या दोघांनी यंत्रांच्या गतिकीचा अभ्यास करताना मांडली. कारखान्यातला पहिला औद्योगिक रोबो, 'युनिमेट', १९६१ मध्ये अमेरिकेत जनरल मोटर्सच्या कारखान्यात साच्यातून निघालेले तापलेले भाग उचलू लागला. त्याच्या आधी सहा वर्षे त्याचे गणित तयार होते. 'मेकॅट्रॉनिक्स' हा शब्द जपानच्या यास्कावा कंपनीतले अभियंते तेत्सुरो मोरी यांनी १९६९ मध्ये बनवला. मेकॅनिकल आणि इलेक्ट्रॉनिक्स यांची सांगड घालावी लागते, हे कारखान्यात आधी कळले. पदवीचे नाव मागाहून आले.

विमानांचेही असेच. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४० मध्ये बंगळुरूला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी काढली. तिथे डॉ. विष्णू माधव घाटगे यांच्या नेतृत्वाखाली आरेखित झालेले 'एचटी-२' हे प्रशिक्षण विमान १९५१ मध्ये उडाले. घाटगे यांनी जर्मनीत गटिंगनला लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली द्रव-वायूंच्या प्रवाहावर संशोधन केले होते. पुढे इस्रोचे अध्यक्ष झालेले सतीश धवन यांनी गणित-भौतिकीची पदवी घेतली, इंग्रजी साहित्याची पदव्युत्तर पदवी घेतली, मग १९४५ मध्ये मेकॅनिकलची पदवी घेतली आणि त्यानंतर अमेरिकेत वैमानिकी शिकले. पाया आधी, विशेष शिक्षण नंतर, हा क्रम इथे दिसतो.

आज काय स्थिती आहे? इस्रोच्या 'शास्त्रज्ञ/अभियंता' पदांच्या केंद्रीय भरतीच्या जाहिराती प्रामुख्याने मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्स आणि संगणकशास्त्र या शाखांसाठी निघत आल्या आहेत. केंद्रीय लोकसेवा आयोगाची अभियांत्रिकी सेवा परीक्षा स्थापत्य, मेकॅनिकल, विद्युत आणि इलेक्ट्रॉनिक्स-दूरसंचार या चारच गटांत होते. पदव्युत्तर प्रवेशाच्या 'गेट' परीक्षेत मेकॅनिकलची आणि एरोस्पेसची स्वतंत्र प्रश्नपत्रिका आहे, रोबोटिक्सची नाही. रोबोटिक्सच्या पदवीधराला दुसऱ्याच शाखेची प्रश्नपत्रिका सोडवावी लागते, आणि त्या शाखेचे काही विषय त्याच्या पदवीत कापलेले असतात. ही माहिती एकाही पत्रकात आम्हांला आढळली नाही.

विमानाच्या बाबतीत आणखी एक घोटाळा वारंवार होतो. विमानतळावर विमानाची देखभाल करून ते उड्डाणास योग्य असल्याची सही करणारा माणूस हा परवानाधारक असतो. त्याचा परवाना नागरी विमान वाहतूक महासंचालनालय देते आणि त्यासाठीच्या प्रशिक्षणसंस्था व परीक्षा वेगळ्या आहेत. एरोस्पेसची पदवी म्हणजे तो परवाना नव्हे, आणि त्या परवान्याचा अभ्यासक्रम म्हणजे आपोआप पदवी नव्हे. वैमानिक होण्याचा मार्ग तर याहून तिसराच. "पोराला विमानाचं वेड आहे" असे सांगत पालक येतात, तेव्हा वेड बनवण्याचे आहे, दुरुस्तीचे आहे की उडवण्याचे, हे आधी विचारावे.

नव्या शाखांची बाजू

इतके लिहिल्यावर आम्ही नव्या शाखांच्या विरुद्ध आहोत असा ग्रह होईल. तसे नाही. एरोस्पेस ही अनेक दशकांची पक्की विद्याशाखा आहे. मुंबईच्या आयआयटीत ती शिकवली जाते. तिरुअनंतपुरमला अवकाश विभागाने २००७ मध्ये काढलेल्या संस्थेतही शिकवली जाते. तिथे वातविवरे आहेत, संशोधन करणारे अध्यापक आहेत. अशा ठिकाणी प्रवेश मिळत असेल आणि मुलाला खरोखर त्याच विषयात जायचे असेल, तर त्याला मेकॅनिकलकडे वळवण्याचे कारण नाही. नाशिकजवळ ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यातून ऑक्टोबर २०२५ मध्ये तेजस मार्क-१ए विमानाने पहिले उड्डाण केले. महाराष्ट्रात विमाने बनत आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. एवढेच की त्या कारखान्याला वायुगतिकीच्या जाणकारांबरोबर धातू कापणारे, जोडणारे, मोजणारे आणि तपासणारे अभियंतेही मोठ्या संख्येने लागतात.

रोबोटिक्सचेही तसेच. जिथे यामिकी, विद्युत आणि संगणक या तिन्ही विभागांचे अध्यापक एकत्र शिकवतात आणि प्रयोगशाळेत मुलांना हात लावता येतील असे औद्योगिक रोबो आहेत, तिथे ही पदवी उत्तम आहे. एकाच विद्यार्थ्याला तिन्ही भाषा बोलता येणे ही आजची खरी गरज आहे. आमची तक्रार आहे ती जुन्याच वर्गावर नवी पाटी लावून जागा भरण्याबद्दल. परिषदेने २०२४-२५ पासून चांगल्या कामगिरीच्या संस्थांसाठी एका शाखेतल्या जागांवरची वरची मर्यादा काढून टाकली. मागणी असलेल्या नावाकडे संस्था धावण्याची शक्यता त्यामुळे वाढली आहे.

मेकॅनिकलच्या जुन्या पदवीचेही काही खरे नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे म्हटले पाहिजे. कित्येक ठिकाणी कार्यशाळा म्हणजे कानशीने लोखंडाचा तुकडा घासून 'जॉब' सही करून घेणे. प्रयोगवह्या मागच्या वर्षीच्या मुलांकडून उतरवलेल्या. इंजिनावरच्या प्रश्नांची उत्तरे पाठ, आणि समोर विजेवर चालणारी स्कूटर उभी केली तर विद्यार्थी गप्प. त्या स्कूटरमधून पिस्टन आणि क्रँकशाफ्ट गेले आहेत. पण बेअरिंगे, ब्रेक, सांगाडा, धक्के शोषण्याची रचना राहिली आहे आणि बॅटरी थंड ठेवण्याचा नवा प्रश्न आला आहे. तो प्रश्न उष्णतेच्या वहनाचा आहे, म्हणजे मेकॅनिकलचाच आहे. जी मेकॅनिकल पदवी हे शिकवत नाही, तिची जागा रिकामी राहिली तर दोष विद्यार्थ्यांचा नाही.

वाळूज ते बिडकीन

आपल्या शहराला हा विषय परका नाही. शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० पासून आहे, जवाहरलाल नेहरू अभियांत्रिकी महाविद्यालय १९८२ पासून. वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला आणि त्याच्या भोवती सुटे भाग बनवणाऱ्यांची वस्ती वाढली. शेंद्र्याला २००१ मध्ये स्कोडा मोटारींची जुळणी सुरू झाली. शेंद्रा-बिडकीनच्या नव्या औद्योगिक नगरीत २०२४ मध्ये टोयोटा किर्लोस्कर आणि एथर यांनी प्रकल्प जाहीर केले. चिकलठाण्याला इंडो-जर्मन टूल रूम आहे. तिथे साचे आणि हत्यारे बनवण्याचे शिक्षण मिळते. म्हणजे मेकॅनिकल आणि रोबोटिक्स यांचे प्रत्यक्ष रूप आपल्या शाळेपासून बसच्या अंतरावर आहे.

एका कारखान्यातल्या परिचित अभियंत्याने सांगितलेली हकिगत इथे देण्याजोगी आहे. वेल्डिंग करणाऱ्या रोबोचा टाका सारखा एका बाजूला सरकत होता. दोन दिवस सगळे प्रोग्रॅम तपासत बसले. शेवटी एका पदविकाधारक तरुणाने पत्रा धरून ठेवणारे फिक्श्चर काढून मोजले. त्याची खुंटी मिलिमीटरभर झिजली होती. रोबो सांगितलेल्या जागीच टाका घालत होता, पत्राच जागेवर नव्हता. कारखान्याला रोबो चालवणारे हवेत, आणि झिजलेली खुंटी मोजायचे सुचणारेही हवेत. दोन्ही गुण एकाच माणसात आले तर फारच चांगले.

त्या तरुणाचा मार्गही लक्षात ठेवण्यासारखा आहे. दहावीनंतर तंत्रनिकेतनातली पदविका, मग हवे तर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश. कमी खर्चात, हाताला काम लागत-लागत अभियंता होण्याचा हा रस्ता ग्रामीण मुलांना आपण पुरेसा सांगत नाही. तसेच मेकॅनिकल किंवा इलेक्ट्रॉनिक्सची पदवी घेताना सुमारे २० जादा श्रेयांक मिळवून रोबोटिक्ससारखी उपशाखा जोडण्याची सोय परिषदेने दिलेली आहे. ज्या महाविद्यालयात ती राबवली जाते तिथे पाया आणि नवे शिक्षण दोन्ही साधता येते. पुढे आयआयटींत किंवा भारतीय विज्ञान संस्थेत रोबोटिक्सच्या पदव्युत्तर शिक्षणाला या पायाभूत शाखांचे पदवीधर जातातच.

पाच प्रश्न

आता प्रत्यक्ष काय करायचे? एकाच शहरातली महाविद्यालये आज वेगवेगळ्या विद्यापीठांशी जोडलेली आहेत, काही स्वायत्त आहेत, एखादे स्वतःच विद्यापीठाचा भाग आहे. त्यामुळे शाखेचे नाव एक असले तरी अभ्यासक्रम एक असेलच असे नाही. विद्यार्थी येईल तेव्हा त्याला ही पाच उत्तरे आणायला सांगावीत.

एक, दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाच्या विषयांची पूर्ण यादी. पदार्थांची ताकद, गतिकी आणि नियंत्रणशास्त्र यांना किती श्रेयांक आहेत?

दोन, हे विषय शिकवणारे कायम अध्यापक किती, आणि ते कोणत्या विषयात शिकलेले आहेत?

तीन, प्रयोगशाळेत कोणती यंत्रे आहेत आणि विद्यार्थ्यांना ती स्वतः चालवू देतात का? काचेआडचा रोबो मोजायचा नाही.

चार, या शाखेला राष्ट्रीय मूल्यांकन मंडळाची मान्यता आहे का? ही मान्यता महाविद्यालयाला नसते, एकेका अभ्यासक्रमाला असते. आणि त्यासाठी आधी पदवीधरांच्या किमान दोन तुकड्या बाहेर पडाव्या लागतात. नवी शाखा असेल तर मान्यता नसणे स्वाभाविक आहे, पण मग पहिले तीन प्रश्न अधिक कसून विचारावे लागतात.

पाच, या शाखेतून नुकतेच बाहेर पडलेले दोन पदवीधर भेटवता येतील का? छायाचित्रातले नव्हेत, प्रत्यक्ष.

ही उत्तरे हातात आली की शाखेचे नाव कोणते हा प्रश्न बराचसा आपोआप मागे पडतो. कधी रोबोटिक्स योग्य ठरेल, कधी मेकॅनिकल, कधी तंत्रनिकेतन.

शेवटी एक वर्गातला प्रयोग. इंजेक्शनच्या चार सिरिंज, प्लॅस्टिकची नळी, पुठ्ठा आणि पाणी यांतून हलणारा हात मुले दोन तासिकांत बनवतात. दोन सिरिंज वेगळ्या जाडीच्या घ्याव्यात, म्हणजे पास्कलचा नियम हाताला जाणवतो. हात तयार झाला की तो किती वजन उचलेल हे आधी कागदावर काढायला लावावे आणि मग उचलून पाहावे. मग विचारावे, "डोळे मिटून तो नेमका कुठे थांबला हे कसं कळेल?" जो मुलगा वजनाच्या गणितात रमेल, जी मुलगी डोळे मिटून थांबण्याचा उपाय शोधत बसेल, जो पुठ्ठ्याऐवजी पत्रा वापरू का असे विचारेल, त्यांची शाखा कोणती याचा थोडा अंदाज आपल्याला तिथेच येईल. पत्रकातल्या रॉकेटच्या चित्रावरून तो कधीच येणार नाही.